प्याद्याला स्वतःचे घर होते तेव्हा

१८१४ साली मुंबईत बुद्धिबळावरचे एक इंग्रजी पुस्तक छापले गेले. मूळ ग्रंथ संस्कृतातला, ‘विलासमणिमंजरी’ नावाचा. कर्ते त्रिवेंगडाचार्य शास्त्री, म्हणजे दक्षिणेतले एक विद्वान. इंग्रजी रूपही त्यांच्याच नावावर आहे. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या आश्रयाशी या ग्रंथाचे नाव जोडले जाते. पुस्तकात सलग डाव फारसे नाहीत. आहेत त्या कोड्यासारख्या अडचणीच्या मांडण्या, शिकणाऱ्याने त्या सोडवायच्या आणि स्मरणशक्तीला कसरत द्यायची. मुखपृष्ठावरच एक खुलासा छापलेला आहे, की हे सारे युरोपीय खेळण्याच्या पद्धतीशी जुळवून घेतले आहे. तीन वर्षांनी, नोव्हेंबर १८१७ मध्ये, शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले आणि पुढच्या वर्षी पेशवाई संपली. राज्य जाण्याच्या आधीच पटावरचे नियम बदलायला लागले होते, हे त्या एका खुलाशावरून कळते. मराठी मुलखाच्या इतिहासात या पुस्तकाची दखल क्वचितच घेतली जाते. माझ्या मते ती घ्यायला हवी, कारण आपल्या खेळाच्या संस्कृतीतले एक मोठे वळण इथे छापील कागदावर, सालासकट सापडते.

हे वळण किती मोठे होते ते समजायला पावणेदोन शतके पुढे आणि पार जपानपर्यंत जावे लागते. चौकटींच्या पटावर सैन्य मांडायचे, आळीपाळीने चाली करायच्या, पण प्रत्येक मोहऱ्याला नाव, वय, घराणे, मैत्री आणि वैर असायचे, लढता लढता तो वाढायचा आणि मेला तर कायमचा जायचा, अशा व्हिडिओ गेमची परंपरा जपानमध्ये १९९० नंतर भरभराटीला आली. ‘फायर एम्ब्लेम’, ‘टॅक्टिक्स ओगर’, ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’ ही त्यातली मानाची नावे. या खेळांबद्दल सर्वसाधारण समज असा, की जुना पट म्हणजे निव्वळ गणित होते आणि त्यात माणूस घातला तो संगणकाने. मला हे पटत नाही. दख्खनमध्ये जे बुद्धिबळ पिढ्यानपिढ्या खेळले गेले त्यात एक प्यादे दुसऱ्या प्याद्यासारखे कधीच नव्हते. मोहऱ्यांचा हा वेगळेपणा पुढे पुसला गेला, आणि तो पुसला जाण्याचा इतिहास आपल्याच मुलखात घडलेला आहे.

आधी नियम पाहू, कारण सगळा पुरावा नियमांतच आहे. देशी पद्धतीचा पट बहुधा कापडी, काळ्या-पांढऱ्या घरांचा भेद नसलेला, नुसत्या रेघांचा आणि काही ठरावीक घरांत फुल्या असलेला. प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकणार. किल्लेकोट नाही. त्याऐवजी राजाला सबंध डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारण्याची मुभा, तीही शह बसण्याच्या आधी. पण खरा फरक प्यादे शेवटच्या रांगेत पोचल्यावर पडतो. आजच्या नियमाने कोणतेही प्यादे तिथे पोचले की त्याचा वजीर करता येतो आणि खेळाडू जवळजवळ नेहमी तेच करतो. देशी नियमात ते ज्या मोहऱ्याच्या घरात पोचेल तेच व्हायचे. हत्तीच्या ओळीतले हत्ती, घोड्याच्या ओळीतले घोडा, उंटाच्या ओळीतले उंट, आणि राजा-वजिरांच्या दोन ओळींतले वजीर. पुष्कळ ठिकाणी आणखी एक अट असे. तो मोहरा आधी मेलेला असला तरच प्याद्याला त्याची जागा मिळे, तोवर त्याने अलीकडच्या घरात थांबून राहायचे. काही भागांत घोडा झालेल्या प्याद्याला त्याच चालीत घोड्याची एक उडीही मिळे. आता या नियमाने डाव कसा पालटतो ते पाहा. शेवटी एका बाजूला राजा आणि एकच प्यादे उरले आहे असे धरू. आजच्या नियमाने ते प्यादे पार झाले की डाव जिंकला. देशी नियमाने ते घोड्याच्या ओळीतले असेल तर एकट्या घोड्याने मात होत नाही, उंटाच्या ओळीतले असेल तरी होत नाही. हत्तीच्या ओळीतले असेल तर होते. म्हणजे दहाव्या-बाराव्या चालीलाच खेळाडूला ठरवावे लागे, की आठांतले कोणते प्यादे बळी द्यायचे आणि कोणाला जपून पलीकडे न्यायचे. स्वतःचा घोडा गमावणे हा नुसता तोटाच असे असेही नाही. त्या घोड्याच्या प्याद्यापुढे वाट मोकळी होई. कोण मेले म्हणून कोण मोठे होणार, हा हिशेब डावभर डोक्यात ठेवावा लागे.

डाव संपवण्याच्या रीतींतही अशीच प्रतवारी होती. समोरच्याचे सगळे मोहरे मारून राजा एकटा पाडला तर ती बुर्जी. ती पुरी जीत मानली जात नसे, अर्धी किंवा बरोबरीच धरली जाई. म्हणून चांगला खेळाडू शत्रूचा शेवटचा मोहरा मारत नसे, तो शिल्लक ठेवूनच मात करण्याचा प्रयत्न करी. मात कोणी केली यालाही मान होता, आणि सर्वांत मोठा मान प्याद्याने केलेल्या मातेला. जुन्या मांडण्यांमध्ये अमुक प्याद्यानेच मात झाली पाहिजे अशी अट घातलेली आढळते. आजच्या स्पर्धात्मक बुद्धिबळाला ही अट अनाठायी वाटेल. मात ती मात, कोणी केली याने गुण बदलत नाहीत. पण लढाईत किल्ला कोणी घेतला, सरदाराने की साध्या बारगिराने, हे ज्या समाजात घरोघर सांगितले जाई त्या समाजाला प्याद्याची मात वेगळी वाटणे साहजिक होते.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की हे सारे लोकांच्या करमणुकीचे किरकोळ तपशील आहेत, विद्वानांनी बुद्धिबळाकडे गणित म्हणूनच पाहिले. ग्रंथ मात्र वेगळे सांगतात. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला तिसरा सोमेश्वर याने सुमारे ११३० मध्ये ‘मानसोल्लास’ रचला. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, लातूर-धाराशिवच्या सीमेपलीकडचे. मराठी वाचकाला हा ग्रंथ ओळखीचा आहे तो महाराष्ट्रातल्या स्त्रिया ओव्या गातात या त्यातल्या उल्लेखामुळे. शंभर अध्यायांच्या या ज्ञानकोशात राज्य कसे मिळवावे आणि टिकवावे इथपासून हत्तींची पारख, स्वयंपाक, संगीत, मल्लविद्या इथपर्यंत सगळे आहे, आणि क्रीडांच्या भागात चतुरंगही आहे. दोघांनी खेळायचे आणि फाशांच्या साह्याने चौघांनी खेळायचे, असे त्याचे प्रकार राजा वर्णन करतो. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही खरी चतुरंग सेना आणि लाकडी चतुरंग, दोन्ही एकाच ग्रंथात, एकाच राजाच्या लेखणीतून येतात. राजाला दोन्हींची जाण हवी अशीच त्यामागची भूमिका आहे.

दुसरा साक्षीदार याहून जवळचा. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातला नीलकंठ, नारायणभट्टांचा नातू. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने ‘भगवंतभास्कर’ हा बारा मयूखांचा धर्मशास्त्रग्रंथ लिहिला. त्यातला ‘व्यवहारमयूख’ पुढे मुंबईच्या न्यायालयांत हिंदू कायद्याचा आधार मानला गेला आणि महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी त्याची आवृत्ती सिद्ध केली. वकिलांना आणि संस्कृतज्ञांना हा भाग माहीत असतो. बुद्धिबळाचे प्रकरण मात्र ‘नीतिमयूखा’त आहे, म्हणजे राजनीतीच्या भागात. पटाची मांडणी, मोहऱ्यांच्या चाली आणि त्यांच्या जोडीला घोड्याच्या फेऱ्या: चौसष्ट घरांपैकी प्रत्येक घराला एकदाच स्पर्श करत घोडा कसा फिरवायचा ते. अशा फेरीवर काव्यबंध रचण्याची हौस तर नवव्या शतकातल्या रुद्रटापासून दिसते. म्हणजे शुद्ध गणिताची गोडी आपल्या पंडितांना होतीच, ती नाकारण्याचे काही कारण नाही. पण नीलकंठाने ते गणित राजधर्माच्या शेजारी बसवले. गणित आणि माणसांची लढाई यांपैकी एकाची निवड करावी असे त्याला वाटले नाही. निवड करायची वेळ पुढे आली आणि ती बाहेरून आली.

बाहेरून आली म्हणजे कोणी सक्ती केली असे नव्हे. १८१४ च्या त्या पुस्तकाचा ग्राहक कोण होता ते पाहिले की गोष्ट स्पष्ट होते. इंग्रजी वाचणारा, मुंबईत किंवा मद्रासेत राहणारा, युरोपीय नियमांनी खेळणारा साहेब. शास्त्रीबुवांना आपली विद्या नव्या सत्ताधाऱ्याच्या पटावर चालवून दाखवायची होती आणि ती त्यांनी दाखवली. पुढच्या काही दशकांत कलकत्त्यात जॉन कोक्रेन या नामांकित स्कॉटिश खेळाडूशी महेशचंद्र बॅनर्जी असेच खेळत राहिले. देशी सवयीने प्यादी एकेक घर पुढे काढायची, उंट बाजूच्या घरात बसवायचा, ही त्यांची ढब युरोपीयांना इतकी वेगळी वाटली की ‘इंडियन डिफेन्स’ हे नाव त्या खेळण्याशी जोडले गेले. मीर सुलतान खान पंजाबात देशी नियमांनी बुद्धिबळ शिकले, मोठेपणी युरोपीय नियम आत्मसात केले आणि १९२९, १९३२ व १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदे जिंकली. देशी पटावर तयार झालेली बुद्धी किती सकस होती याला याहून चांगला दाखला मिळणार नाही.

महाराष्ट्रात देशी रूपे लगेच मेली नाहीत. १८७१ मध्ये औरंगाबादच्या हरिकृष्ण शर्मांनी ‘बृहज्ज्योतिषार्णव’ या आपल्या अवाढव्य ग्रंथात ‘क्रीडाकौशल्य’ नावाचा एक भाग घातला. पुढे तो मुंबईच्या वेंकटेश्वर छापखान्यातून छापून निघाला. ज्योतिषाच्या ग्रंथात खेळांचे प्रकरण हे आज चमत्कारिक वाटेल, पण आपल्या मुलखातल्या पटांची अशी नोंद करण्याचे काम त्या काळी दुसऱ्या कोणी हाती घेतल्याचे फारसे दिसत नाही. तिकडे सावंतवाडीत दशावतारी गंजिफा रंगवल्या जातच होत्या. १२० पानांचा तो जोड, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात एक राजा, एक वजीर आणि दहा साधी पाने. मत्स्यापासून कल्कीपर्यंतची पात्रे घेऊन डाव मांडणे आपल्या लोकांना अवघड वाटत नव्हते. तरीही बुद्धिबळाच्या पटावर हळूहळू एकच नियमावली उरली. सांगलीत १९४१ मध्ये भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापन केले आणि ते शहर बुद्धिबळाची पंढरी म्हणून ओळखले जाऊ लागले. १९५१ मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला. १९५५ मध्ये एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि तिचे विजेतेपद डी. वेंकय्या यांच्याबरोबर रामचंद्र सप्रे यांना विभागून मिळाले. १९७४ मध्ये पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा वासंती खाडिलकरांनी जिंकली. त्यांच्या बहिणी जयश्री आणि रोहिणी यांनीही राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली, आणि रोहिणी १९८१ मध्ये आशियाई विजेत्या झाल्या. प्रवीण ठिपसे १९९७ मध्ये आणि पुण्याचे अभिजित कुंटे २००० मध्ये ग्रँडमास्टर झाले. २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला. ही मालिका अभिमानाची आहे आणि तो अभिमान मी हातचे राखून बाळगत नाही. जग ज्या नियमांनी खेळते ते आपण स्वीकारले नसते तर यातले काहीच घडले नसते.

मात्र त्याच काळात जपानने काय केले ते शेजारी ठेवून पाहायला हवे. भारतातून निघालेला चतुरंग तिकडे पोचता पोचता शोगी झाला होता: नऊ गुणिले नऊ घरांचा पट, प्रत्येकी वीस मोहरे. मोहऱ्यांना रंग नाही. टोकदार लाकडी पट्ट्या, आणि टोक ज्या बाजूला असेल तिकडून त्यांची निष्ठा ओळखायची. मारलेला मोहरा डावाबाहेर जात नाही. तो पकडणाऱ्याच्या हाती येतो आणि पुढे त्याच्याच बाजूने पटावर उतरतो. १६१२ च्या सुमारास तोकुगावा सत्तेने शोगी आणि गो या खेळांच्या घराण्यांना तनखे बांधून दिले. शोगुनशाही गेल्यावर हा आश्रय वर्तमानपत्रांनी आणि संघटनांनी उचलला. १९२४ मध्ये तोक्योत व्यावसायिक खेळाडूंचा संघ उभा राहिला आणि त्यातूनच आजची शोगी संघटना घडली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन अधिकाऱ्यांनी शोगीबद्दल शंका काढली होती, पकडलेल्या शत्रूला आपल्याच बाजूने लढायला लावणे ही युद्धकैद्यांची विटंबना नव्हे काय, अशी. मासुदा कोझो या खेळाडूने त्यावर उत्तर दिले, की तुमच्या बुद्धिबळात मोहरे ठार होतात, आमच्यात त्यांना त्यांच्या हुद्द्यासह काम दिले जाते. ही हकिकत मासुदांनीच सांगितलेली आहे. तिच्यातला एखादा रंग नंतर भरलेला असेल, पण लाकडी तुकड्याकडे माणूस म्हणून पाहण्याची जी सवय तिच्यात दिसते ती खरी आहे, आणि ती विसाव्या शतकाच्या मध्यावर, व्यावसायिक खेळाडूच्या तोंडी दिसते.

१९८८ मध्ये क्योतोच्या इंटेलिजंट सिस्टिम्स या संस्थेने निन्तेंदोसाठी ‘फॅमिकॉम वॉर्स’ हा खेळ केला. कारखान्यात पैसे ओतायचे, रणगाडे आणि पायदळ बाहेर काढायचे, ते खर्ची पडले की नवे काढायचे. डाव चुरशीचा, पण मोहरे निनावी. दोनच वर्षांनी, २० एप्रिल १९९० रोजी, त्याच संस्थेतून शोझो कागा यांच्या कल्पनेतला पहिला ‘फायर एम्ब्लेम’ बाहेर आला. पट तसाच चौकटींचा, चाली तशाच आळीपाळीच्या. फरक एवढाच की आता प्रत्येक मोहरा कोणीतरी होता. राजपुत्र मार्थ, त्याचा म्हातारा सरदार जेगन, पंखवाल्या घोड्यावरची राजकन्या शीदा. लढाईत पडलेला परत येत नाही, पुढची सगळी कथा त्याच्याविना जाते. अनुभव मिळाला की मोहरा वाढतो, योग्य वेळी त्याचा हुद्दा बदलतो. शत्रूच्या सैन्यातल्या एका भाडोत्री तलवारबाजाशी शीदा जाऊन बोलली तर तो आपल्या बाजूला येतो. पकडलेला मोहरा आपला करण्याची शोगीची रीत इथे संवादाचे रूप घेऊन आली, असे मी याचे वाचन करतो. सुरुवातीला खप संथ होता. खेळणाऱ्यांनी एकमेकांना सांगत तो वाढवला.

मग १९९५ मध्ये यासुमी मात्सुनो यांचा ‘टॅक्टिक्स ओगर’ आला. त्यामागे युगोस्लाव्हियातल्या यादवीची छाया होती. एका बेटसमूहावर तीन वंशसमूह एकमेकांच्या जिवावर उठलेले. पहिल्याच टप्प्यात खेळाडूला वरून हुकूम येतो, की आपल्याच लोकांची वस्ती कापून काढ, दोष शत्रूवर जाईल आणि लोक पेटून उठतील. हुकूम मानायचा की नाही हे खेळाडूने ठरवायचे, आणि दोन्ही वाटांनी पुढची कथा, सोबती, शत्रू सगळे बदलते. दोन वर्षांनी मात्सुनोंनीच स्क्वेअर या संस्थेसाठी ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’ केला. राजगादीसाठी दोन पक्षांत यादवी पेटलेली आहे. उमराव घराण्यातला धाकटा मुलगा रामझा आणि त्याच घरात वाढलेला साधा मुलगा डेलिटा, हे दोघे मित्र. डेलिटाची बहीण ओलीस धरली जाते आणि उमरावांच्या हुकुमाने, तिची पर्वा न करता, मारली जाते. तिथून दोघांच्या वाटा फुटतात. डेलिटा राजा होतो. रामझाचे नाव धर्मसत्ता पुसून टाकते. सगळी गोष्ट आपल्याला सांगतो तो शेकडो वर्षांनंतरचा एक इतिहासकार, दडपलेले कागद हाती आलेला. १८९८ मध्ये पानिपतापर्यंतच्या काळाची अस्सल पत्रे छापून इतिहासकार राजवाड्यांनी बखरींची झाडाझडती सुरू केली, तो प्रसंग ज्या वाचकाच्या मनात आहे त्याला ही रचना चटकन कळेल. पटावरचा तपशीलही तसाच सूक्ष्म आहे. साथीदार पडला की त्याच्या डोक्यावर तीन पाळ्यांची मोजणी सुरू होते. तेवढ्यात कोणी पोचले नाही तर तो स्फटिक होऊन जातो, आणि त्या स्फटिकातून त्याचे कसब दुसऱ्याला उचलता येते. देशी पटावर मेलेल्या घोड्याची जागा त्याच्याच ओळीतले प्यादे घेई, ते इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

इथे दुसरा आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. कल्याणी आणि क्योतो यांच्यामध्ये कोणता धागा? शोझो कागांनी नीलकंठ वाचला नव्हता. अर्थात नव्हता, आणि माझा दावाही वंशावळीचा नाही. खुद्द शोगीतही प्याद्याला स्वतःचे घर नसते. तिथे प्यादे पालटून सोन्याच्या सेनापतीसारखे चालू लागते, ओळ कोणतीही असो. या एका बाबतीत आपला देशी नियम कागांच्या कल्पनेला शोगीपेक्षाही जवळचा होता, आणि मला नेमके तेच महत्त्वाचे वाटते. एकाच झाडाच्या दोन फांद्यांपैकी जिच्यात ही शक्यता अधिक होती ती फांदी आपण सोडली. जिच्यात ती कमी होती तिच्या सावलीत मात्र मोहऱ्याला माणूस करणारा खेळ जन्मला, कारण त्या फांदीला चारशे वर्षे कोणी ना कोणी पाणी घालत होते. प्रत्येक जपानी खेळकार शोगीचा उस्ताद होता असे नाही, पण स्वतःच्या नियमांचा जिवंत पट त्याच्या आसपास होता, वर्तमानपत्रात होता, घरात होता. स्वतःचा पट असला की त्यात बदल करण्याचे धाडस येते. बाहेरून जसाच्या तसा घेतलेला नियम आपण पाळतो, तो बदलण्याचा अधिकार आपल्याला आहे असे सहसा वाटत नाही.

तिसरा आक्षेप सांगलीच्या आणि पुण्याच्या खेळाडूंनी घेतला तर तो रास्तच असेल: देशी नियम गावोगाव वेगळे होते, कुठे राजाला उडी, कुठे नाही, कुठे बुर्जी अर्धी जीत, कुठे बरोबरी, मग स्पर्धा कशी घ्यायची? घेता आली नसतीच. एकसारखे नियम स्वीकारले ते योग्यच झाले. पण यात दोन निर्णय एकत्र मिसळले गेले. स्पर्धेसाठी जागतिक नियम घेणे हा एक. जुने नियम लिहून, खेळून, मुलांना शिकवून जिवंत ठेवण्याची गरज नाही असे मानणे हा दुसरा, आणि तो कोणी जाणीवपूर्वक घेतलाच नाही, तो आपोआप झाला. जपानमध्ये जागतिक बुद्धिबळही खेळले जाते, त्यासाठी शोगी मोडीत काढावी लागली नाही. आपल्याकडे १८७१ मध्ये हरिकृष्ण शर्मांनी खेळांसाठी ग्रंथात जागा काढली. त्या वाटेने पुढे देशी बुद्धिबळाची एखादी नियमावली, चार-दोन गावांचे सामने, एखादे मासिक, एवढे सहज उभे राहू शकले असते. कुस्तीच्या बाबतीत आपण हे केले: मॅटवरची ऑलिंपिक कुस्ती घेतली आणि लाल मातीही सोडली नाही.

संगणकावर तर तिसऱ्या आक्षेपातली अडचणच उरत नाही. गावोगावचा नियमभेद हा छापील स्पर्धापत्रकाला जाच होता. यंत्राला तो एक पर्याय असतो, खेळ सुरू करताना निवडायचा. मुळशी तालुक्यातल्या हिंजवडीत हजारो मराठी मुले-मुली रोज दुसऱ्यांसाठी संगणकप्रणाली लिहितात. देशी पटाचे नियम लिहायला त्यांना अवघड नाहीत: प्रत्येक प्याद्याने आपली ओळ लक्षात ठेवायची, त्या ओळीचा धनी जिवंत आहे की पडला हे पाहायचे, पडला असेल तर त्याची जागा घ्यायची, नसेल तर सातव्या घरात थांबायचे. त्यापुढचे काम अधिक कष्टाचे आणि अधिक मोलाचे आहे, म्हणजे त्या प्याद्याला गाव आणि घराणे देणे. त्यासाठी लागणारी सामग्री पुणे पुराभिलेखागाराच्या पेशवे दप्तरात मोडीतल्या लाखो कागदांवर आहे: कोणत्या पथकात कोण शिलेदार होता, कोणाचे घोडे पडले, कोणाच्या मुलाला बापाच्या जागी चाकरीत घेतले.